उचल घेतली की मजुरी ठरली

रामनवमीला पोहरादेवीत लाखोंची यात्रा भरते. त्या गर्दीतली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीहून नुकतीच परतलेली असतात. कारखान्यांचा पट्टा फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पडतो, खोपी मोडतात आणि मानोरा, दिग्रस, पुसदकडच्या तांड्यांवर पुन्हा चुली पेटतात. चार-पाच महिने म्हाताऱ्यांवर आणि लेकरांवर सोडलेली घरे तेव्हा उघडतात.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचे मंदिर आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नवरात्र चालू होते. दरवर्षी याच दिवसांत तालुक्यातल्या तांड्यांवर ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात, कोयत्यामागे किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची याची बोलणी होतात. संग्रहालय झाले याचा मला आनंद आहे. या समाजाचा इतिहास सरकारी पैशाने जपला जावा, हा त्याचा हक्कच आहे. पण ज्यांचा तो इतिहास, त्यांच्या हिवाळ्याची सोयही त्याच तालुक्यात झाली पाहिजे.

दरडोई उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुणे राज्यात वर आणि नंदुरबार, गडचिरोलीच्या बरोबरीने वाशिम तळाशी, हे चित्र वर्षानुवर्षे बदललेले नाही. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यातही वाशिम आहे. याचे कारण विचारले की उत्तर ठरलेले मिळते: उद्योग नाहीत, कौशल्य नाही, शिक्षण नाही. या उत्तरात तथ्य आहे, पण त्याने मजुरीचा भाव कसा पडतो ते कळत नाही. माझ्या मते तो भाव उचलीच्या दिवशी पडतो, आणि उचल घ्यायला लावतो तो इथला रिकामा हिवाळा.

व्यवहार असा चालतो. सोयाबीनची सोंगणी दसरा-दिवाळीपर्यंत उरकते. ज्यांच्या वावरात कपाशी आहे त्यांना वेचणीचे थोडे काम मिळते, तूर निघेपर्यंत तेही संपते. ओलित नसेल तर गहू-हरभरा नाही, आणि तांड्यांच्या जमिनी बहुधा उताराच्या, हलक्या. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने माल विकावा लागला, म्हणजे ज्याच्याकडे मजुरीला जायचे तो शेतकरीही हात आखडूनच होता. कृषी केंद्राची उधारी, घरातले आजारपण, लेकीचे लग्न, सगळे एकाच वेळी दारात उभे राहते. नेमक्या त्या वेळी मुकादम रोख रक्कम हातावर ठेवतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांच्या पुढच्या पाच महिन्यांच्या श्रमांवर ती उचल असते.

टनामागचा दर राज्यपातळीवरच्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली. संघटनांनी संपाचा इशारा दिल्यावर मिळालेली ही वाढ मोलाचीच होती. पण कागदावरचा दर आणि जोडप्याच्या हाती उरणारी रक्कम यांच्या मध्ये उचल उभी आहे. आजारी पडले तर खाडा, गाडी उशिरा आली तर फडावर बसून काढलेला दिवस बिनपैशाचा, आणि हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर. बाकी असलेला माणूस दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही. श्रम विकत घेणारा एकच असला की तो मजुरी दाबून ठेवतो, हे जोन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्येच सिद्धान्त मांडून दाखवले. महाराष्ट्रात कारखाने भरपूर आहेत, पण बाकी डोक्यावर असलेल्या जोडप्यासाठी घेणारा एकच असतो.

कायद्याचा आधार शोधायला जावे तर १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य स्थलांतरापुरताच होता. मानोऱ्याहून सांगली-कोल्हापूरला गेलेली बाई शेकडो किलोमीटर लांब जाऊनही त्या कायद्यासाठी स्थलांतरित नव्हती.

आणि खर्च कोणाचा? ज्या पट्ट्यात साखर बनते, त्या पट्ट्याला हा मजूर फक्त राबण्याच्या महिन्यांत पोसावा लागतो. त्याचे बाळपण, त्याची शाळा, पावसाळ्यातले रिकामे दिवस, कंबर गेल्यावरचे म्हातारपण, हे सगळे वाशिमसारखा जिल्हा सोसतो. प्रादेशिक विषमतेवर बोलताना आपण अनुशेषाचे रस्ते आणि धरणे मोजतो. दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत ते मोजून झाले, वैधानिक विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपून गेली. गरीब तालुका श्रीमंत तालुक्याच्या मजुरांचा सांभाळ स्वतःच्या पदरच्या पैशाने करतो, हा अनुशेष मात्र हिशेबात आलाच नाही.

बंजारा समाज कायम नुसते श्रम विकणारा नव्हता. लदेणी करणारे बंजारे स्वतःच्या बैलांवरून मीठ आणि धान्य देशभर नेत. त्यांच्याकडे भांडवल होते, मार्गांचे ज्ञान होते, आणि भाव ठरवताना त्यांचा शब्द चालत होता. १८६० च्या दशकात वऱ्हाडातून रेल्वे गेली आणि तो धंदा बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या शिक्क्याखाली आलेल्या जमाती १९५२ मध्ये मोकळ्या झाल्या. इंग्रजांच्याच काळात शकुंतला रेल्वे मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ अशी धावली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड या तालुक्यांतून जातो. मानोरा त्यावर नाही. रस्ता हवाच, पण रस्त्याने माल आणि माणूस बाहेर जाणे स्वस्त होते. भाव ठरवण्याची ताकद त्याने आपोआप येत नाही.

ती ताकद कशाने येते हे महाराष्ट्राला एकेकाळी माहीत होते. पोहरादेवीच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्यांच्याच काळात राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पुढे १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईच्या पगारातून माणदेशाच्या, मराठवाड्याच्या, वऱ्हाडाच्या कोरड्या महिन्यांना पैसा पोचवणारी ही रचना होती, बाई-पुरुषाला सारखी मजुरी देणारी होती. गावात सरकारी काम चालू असले की खासगी मजुरीही वर सरकते, हे पुढे देशभरच्या अभ्यासांतून दिसले. हमीचा खरा उपयोग तिथे आहे. जो हमीच्या कामावर जात नाही, त्यालाही नाही म्हणायची सोय होते.

आज ती सोय मानोऱ्यात नाही, कारण सरकार मुकादमापुढे वेळेत हरते. २०२५-२६ साठी रोहयोची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ती हाती पडायला अनेकदा आठवडे लागतात, आणि उचल आजच मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या (मनरेगाच्या) जागी नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, राज्याचा वाटा ४० टक्के झाला, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूद आली. हे साठ दिवस ठरवताना साऱ्या महाराष्ट्राला एकच पत्रक लावले तर घात होईल. कोल्हापूरचा हंगाम वेगळा, मानोऱ्याचा वेगळा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मजूर गावातच थांबले तर ऊस तोडणार कोण? हार्वेस्टर तर मजूर असतानाही येतच आहेत. शिवाय कोणी तांडा सोडूच नये, असे मी म्हणत नाही. पुण्याला, हैदराबादला, सुरतेला स्वतःच्या मर्जीने गेलेला पोरगा तिथे चार पैसे जास्तच मिळवतो. प्रश्न कर्ज डोक्यावर घेऊन जाण्याचा आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. मानोऱ्यासारख्या तालुक्यांत जलसंधारणाच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांना पोळ्याच्या आत मंजुरी मिळावी, दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी हजेरीपट निघावेत, पगार आठवड्याला व्हावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखाने टनामागे पैसे भरतात. त्यातला ठरावीक हिस्सा मजूर जिथून जातात त्या तालुक्यांना मिळावा, आणि भाद्रपदात महिला बचत गटांमार्फत त्यातून बिनव्याजी रक्कम मिळावी, जिच्या बदल्यात कोणाला कोयता बांधून द्यावा लागणार नाही. पुढच्या दसऱ्याला मुकादम तांड्यावर येईल तेव्हा उचल किती देतोस याआधी टनाला किती देतोस, आजारपणाचा खाडा कोणाच्या अंगावर, हे विचारायला त्या जोडप्याला एवढे पुरेसे आहे.