स्टेडियम सगळ्यांचं, मग पायऱ्या कुणासाठी?

2 जून 2018 रोजी भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून देशाला विनंती केली : आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये या. आदल्या दिवशी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला फक्त 2,569 प्रेक्षक होते. आवाहनानंतर केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा प्रश्न मात्र तेव्हाही होता, आजही आहे : येतो, पण आत कसं यायचं?

आम्ही साखरखेर्ड्याचे. मोठा सामना बघायचा तर आधी एसटीने जालना किंवा शेगाव गाठायचं, मग रेल्वे. एकदा आम्ही पाच जण असेच एका मोठ्या शहरातल्या स्टेडियमवर गेलो. सोबतचा एक भाऊ पोलिओमुळे व्हीलचेअरवर. रॅम्प होता, पण त्याच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी आम्ही चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं. लोक म्हणाले, "वा, काय मित्र आहेत!" तो मात्र सामना संपेपर्यंत पाणी प्यायला नाही. संडास खाली होता. जायचं म्हटलं तर पुन्हा चार खांदे मागावे लागले असते.

पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर राहणं आपल्या समाजाला नवं आहे का? महाडच्या आधीही काही ठिकाणी दया येऊन वरून ओंजळीत पाणी ओतणारे होतेच. बाबासाहेबांनी ती दया नाकारली आणि 20 मार्च 1927 रोजी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं. उचलून नेणं ही दया आहे. उघडा रॅम्प हा हक्क आहे. आंबेडकरी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

खेळाच्या मैदानालाही उंबरठा असतो, हे आपण जाणतो. पळवणकर बाळू पुण्याच्या हिंदू संघासाठी बळी घेत होते, तेव्हा त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत होता. मैदानावर चालणारा माणूस आत चालत नव्हता. संविधानाच्या कलम 15(2) ने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जात, धर्म, लिंग यावरून अडवायला बंदी केली. त्या यादीत अपंगत्व नाही. ती उणीव 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने भरून काढायची होती. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा.

इतिहास पाहा. बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. तरीही 1927 ला चालत जावं लागलं. कागदाने तळं उघडलं नाही, माणसांनी उघडलं.

म्हणून मित्रहो, आपल्या जिल्ह्याच्या, तालुक्याच्या क्रीडा संकुलात माहितीचा अधिकार टाका. रॅम्प आहे का, सामन्याच्या दिवशी तो उघडा असतो का, व्हीलचेअर आत जाईल असा संडास आहे का, बायांसाठी वेगळा आहे का, दिव्यांगासोबतच्या माणसाला शेजारी जागा मिळते का, हे विचारा. उत्तर आलं की स्वतः जाऊन तपासा.

आणि हो, अर्ज लिहायच्या आधी आपल्या विहाराच्या पायऱ्या मोजा. जयंतीच्या स्टेजला रॅम्प आहे का ते बघा. नसेल तर पहिलं फावडं तिथेच मारू. आपल्याच दारात कुणी खांद्यांची वाट बघत बसला असेल, तर स्टेडियमला जाब विचारायचं तोंड आपल्याला उरत नाही.

जय भीम!