उद्या काय आणायचं?

आमच्या ‘सातवी ब पालक’ या ग्रुपवर उद्या काय आणायचं ते रोज कळतं. वर्गात काय चाललंय ते मात्र कळत नाही. चार्ट पेपर, घोटीव कागद, आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, शनिवारी पांढरा गणवेश. खाली ‘ओके मॅडम’ची रांग, जोडलेले हात, अंगठे. मग कुणीतरी विचारतं, ‘घोटीव कागद कुठल्या रंगाचा?’ आणि रात्री साडेनऊला अख्खा वर्ग स्टेशनरीवाल्याचं शटर पडलं का याची चौकशी करू लागतो.

चौथीपर्यंत आईबाप मुलाची वही रोज उघडून बघतात. दहावीला तर अख्खं घरच परीक्षेला बसतं. मधली सहावी-सातवी-आठवी अशी, की मूल सांगणं कमी करतं आणि आपण विचारणं. अभ्यास मात्र याच वर्षांत वळण घेतो. गणितात अक्षरं शिरतात, व्यस्तप्रमाण येतं, इतिहास गोष्टींतून बाहेर पडून कारणांकडे वळतो. कुणाची गाडी नेमकी कुठे अडली, हे घरी कळतं ते सहामाहीच्या प्रगतिपत्रकात, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर.

यात गुणांचाही हिशेब आहे. 2010 मध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सहावीला निम्मे गुण आकारिक, निम्मे संकलित. सातवीला 40 आणि 60. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. थोडक्यात, सातवीतल्या मुलाचे शंभरातले चाळीस गुण वर्गातल्या रोजच्या कामातून येतात. आणि आपल्याकडे फ्रिजवर चिकटवलेलं असतं ते उरलेल्या साठांचं वेळापत्रक.

कायद्यात काही उणं नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या 24 व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांच्या कानावर घालायची, हे त्यातलंच एक. प्रत्यक्षातली पालकसभा आपण सगळ्यांनी बसून काढलेली आहे. मोबाइलचे दुष्परिणाम, डब्यात वेफर्स नकोत, गेटसमोर गाड्या लावू नका, आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य, ‘घरी जरा लक्ष द्या.’ लक्ष द्यायला हरकत नाही हो, पण कशावर?

फोटो मात्र भरपूर येतात. उपक्रम झाला की त्याचे आठ-दहा फोटो. तेच केंद्रप्रमुखांना जातात, तेच आम्हाला. त्यात मागे फ्लेक्स असतो, पुढे रांगेत उभी मुलं असतात, हातातला कागद कॅमेऱ्याकडे वळवलेला असतो. कागदावर काय लिहिलंय ते झूम करूनही वाचता येत नाही. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन माहितीची शेवटची तारीख, यातून वेळ काढून ती माणसं शिकवतात. त्यांनी पन्नास घरांना रोज स्वतंत्र खबर द्यावी असं कोण म्हणेल?

प्रकल्पांची तऱ्हा आणखी वेगळी. घरी निरोप पोचतो तो वही जमा करायच्या आदल्या संध्याकाळी. मग झेरॉक्सच्या दुकानात ‘प्रदूषण’ नाहीतर ‘औषधी वनस्पती’ या विषयाची तयार पानं मिळतात, बाबा कापतो, आई चिकटवते, मूल नाव घालतं. मुखपृष्ठावर चकचकीत टिकल्या. माझं स्पष्ट मत आहे, प्रकल्प शाळेच्या वेळातच व्हावा. घराकडे मागायचीच असेल तर माहिती मागा, कारागिरी नको.

असा एक प्रकल्प यंदा आमच्याकडे आला. सातवीच्या गणितात जोडस्तंभालेख आहेत. मॅडमनी सांगितलं, घरची विजेची जुनी बिलं आणा, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं युनिट शेजारी शेजारी काढा, बाकी वर्गात बघू. लेकीने आलेखाच्या कागदावर दोन रंगांचे खांब काढले. प्रमाण आधी चुकलं होतं, एका खांबाचं टोक कागदाबाहेर जात होतं, खोडरबराने तिथला कागद खरबरीत झालेला. आणि संध्याकाळी घरी येऊन तिने सगळ्यांना फैलावर घेतलं, मे महिन्यात एवढी उडी कशाने? आजी म्हणाली, ‘अगं, आत्याची पोरं राहायला होती ना, रात्रभर कूलर.’ बाबाने फ्रिजच्या जुन्या रबराचा विषय काढला. तिने दोन्ही कारणं पेन्सिलने खाली लिहिली आणि आजीच्या कारणापुढे प्रश्नचिन्ह घातलं, कारण आत्या गेल्या वर्षीही आली होती. वर्गात काय चाललंय हे त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना कळलं, ग्रुपवर एक अक्षर न येता.

मुलाचं काम घराच्या नजरेला पडेल असं ठेवायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. सोलापूरच्या नीलमनगरात 2020 च्या टाळेबंदीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. स्मार्टफोन नसलेल्या आईलाही पोरगा कशाशी झगडतोय ते दारातून दिसत होतं. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं आली. पुष्कळांनी त्यांची टिंगल केली. मला ती आवडली होती, कारण धड्याच्या पाठीलाच मुलाचं अक्षर सापडायचं. दोन वर्षांत ती गेलीही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे. त्यात मूल स्वतःबद्दल लिहील, वर्गमित्र लिहितील, प्रकल्पातली प्रगतीही नोंदली जाईल आणि हे पत्रक घर नि शाळा यांना जोडेल, अशी कल्पना. कल्पना उत्तमच. धास्ती एवढीच, की तेही मार्चअखेर एका बैठकीत भरून टाकायचं आणखी एक पत्रक होईल.

म्हणून आम्ही चार पालकांनी वर्गशिक्षिकांना साधी विनंती केली. शनिवारी शेवटच्या तासाला दोन मुलांनी फळ्यावर पाच ओळी लिहायच्या. आठवड्यात काय केलं, काय जमलं नाही, पुढे काय आहे. त्या फळ्याचा एकच फोटो ग्रुपवर टाकायचा. सहामाहीच्या पालकसभेत शिक्षकांऐवजी मुलाने आपली वही आईबापांपुढे उघडून दाखवायची, मॅडम शेजारी बसतील. त्या म्हणाल्या, ‘चालेल, पण फळ्यावरचं शुद्धलेखन मी आधी तपासणार. चुका बाहेर गेल्या तर शाळेचं नाव जातं.’ आम्ही म्हटलं, चुकांसकटच पाठवा. तिथे घोडं अडलंय. मॅडम मुख्याध्यापकांना विचारून सांगणार आहेत.