झगा नेमका कोणाचा?

चिनी बाईचे चित्र काढायला सांगा. ताठ कॉलर, छातीवर तिरकी बटणपट्टी, बाजूला चीर आणि अंगाबरोबर बसणारा लांब पोशाख, हेच कागदावर उतरेल. याचे नाव चीपाव. ‘ची’ म्हणजे निशाण, ‘पाव’ म्हणजे झगा (बेकरीतल्या पावाशी नाते नाही!). हाँगकाँगमध्ये त्यालाच चाँगसाम म्हणतात. गंमत म्हणजे हा आमचा पोशाखच नव्हे, असे म्हणणारे खुद्द चीनमध्ये पुष्कळ आहेत.

१६४४ मध्ये ईशान्येकडच्या मांचूंनी बीजिंग घेतले. त्यांचे लोक आठ निशाणांखाली विभागलेले, म्हणून हा निशाणवाल्यांचा झगा. मुळात तो घोडेस्वारांचा, सरळ आणि ढगळ. १६४५ मध्ये हान पुरुषांवर कपाळ भादरून वेणी ठेवण्याची सक्ती झाली. नकार देणाऱ्यांची डोकी उडाली. बायकांना मात्र मोकळीक मिळाली. ती उदारता होती की बायकांना कोणी मोजतच नव्हते, हा प्रश्न उरतोच. पण त्यामुळे अडीचशे वर्षे दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदल्या. हान बाईचा अंगरखा आणि खाली परकर किंवा विजार, पावले बांधून लहान केलेली. मांचू बाईचा एकच सलग झगा, पावले मोकळी, पण जोड्याच्या तळाशी मधोमध उंच लाकडी ठोकळा.

१९१२ मध्ये मांचू बादशाही गेली, तेव्हा झगाही जायला हवा होता. झाले उलटेच. १९२० नंतर शांघायच्या शिकलेल्या मुलींनी तो उचलला. लेखिका चांग आयलिंग हिने १९४३ मध्ये याचे मार्मिक कारण दिले. चीनमध्ये सलग झगा पुरुष घालीत आणि दोन तुकड्यांचे कपडे बायका. मुलींना मांचूंचे प्रेम नव्हते, पुरुषांची बरोबरी हवी होती. मला हे पटते. १९२९ मध्ये सरकारने चीपावला स्त्रियांच्या औपचारिक पोशाखात जागा दिली. पुढे तो अंगाला चिकटत गेला, पाश्चात्त्य शिवणकामातले टक्स आले, घेर कधी घोट्याखाली तर कधी गुडघ्याशी.

मग दिवस फिरले. राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांच्या पत्नी वांग क्वांगमेई १९६३ च्या इंडोनेशिया दौऱ्यात चीपाव घालून वावरल्या होत्या. एप्रिल १९६७ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात लाल रक्षकांनी त्यांना जबरदस्तीने तसाच घट्ट चीपाव चढवला, गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली आणि हजारोंच्या गर्दीपुढे उभे केले. एका झग्याचा एवढा धाक!

हाँगकाँगच्या शिंप्यांनी मात्र ही कला जपली. २००० सालच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ चित्रपटात मॅगी चँगने एकामागून एक चाँगसाम नेसून जगाला वेड लावले, आणि २०२१ मध्ये तिथल्या शिवणकलेला चीनच्या राष्ट्रीय वारसायादीत स्थान मिळाले.

तरीही २००३ पासून वाढलेल्या हानफू चळवळीतल्या तरुण मुली म्हणतात, चीपाव मांचूंचा. आमचा पोशाख १६४४ पूर्वीचा. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ‘मूळ आमचेच’ हा सूर ओळखीचा आहे. आज या मुली ज्या चुणीदार मामियान परकराला शुद्ध हान म्हणून मिरवतात, तो मांचू राजवटीतही हान बायका नेसतच होत्या. त्यांना मिळालेल्या त्या जुन्या मोकळिकीमुळेच तो टिकला.