हिरण्यकेशीच्या उगमाकडचा बेडूक



लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते सोडून ऊस विकास अधिकाऱ्याने बेडकावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण हा बेडूक आपल्या नदीच्या उशाला राहतो. आंबोलीच्या टापूतच तो आढळतो. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून डॉ. एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचे नाव टायगरिना ठेवले. जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

जंगलाला लागून जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत, तेच त्याचे घर. एरवी दगडाखाली दडून असतो. पहिला पाऊस झाला की बाहेर पडतो आणि कातळावरच्या बोट-दोन बोट पाण्यात अंडी घालतो. पावसाने ओढ दिली की डबके आटते, अंडी जातात. नेमक्या त्याच दिवसांत सहलीच्या गाड्या वर येतात. डबक्यातून चाक गेले की तिथली त्या सालची पैदास संपली. रात्री रस्ता ओलांडताना चिरडतात ते वेगळेच.

कोणी विचारेल, बेडकाने टनेज वाढते का? नाही वाढत, आणि मी तसे सांगणारही नाही. पण त्याचा सडा आपल्याही उपयोगाचा आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जांभा सच्छिद्र, थोडे पाणी पोटात घेतो, झऱ्यावाटे सावकाश सोडतो. उन्हाळ्यात आपली भिस्त चित्रीच्या आवर्तनावर असते हे मान्य, तरी नदी निघते तिथूनच. सडा उकरून चिरा काढला किंवा सपाट करून बंगले बांधले, की बेडूक गेला नि झराही गेला.

उगमाजवळची जागा शासनाने २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली, पण ती एका दुर्मिळ माशासाठी आणि जेमतेम दोन हेक्टर. बाकीच्या सड्यांचे काय?

उसाच्या बिलातून आंबोलीला चार गुंठे घ्यायची टूम आपल्याकडेही निघाली आहे. घेणाऱ्याला कोण अडवणार? तरी माझे मत स्पष्ट आहे, सड्यावरची जागा घेऊ नये. जूनमध्ये पोरे धबधब्याला निघाली तर गाडी डांबरीवरच लावावी, दगड उलटवू नयेत. पावसाच्या रात्री आंबोलीच्या रस्त्यावर वाहनांचा वेग कमी ठेवावा, असे पत्र कारखान्याने वन खात्याला द्यावे. तसा ठराव वार्षिक सभेत मला नोकर म्हणून मांडता येत नाही, सभासदानेच मांडावा लागेल. मसुदा शेतकी खात्यात तयार आहे.