‘हौशी’ कोणाला म्हणता?

मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना दरवर्षी फळ्यावर एक वर्गीकरण लिहावे लागते : व्यावसायिक, प्रायोगिक, हौशी, कामगार. पहिल्या दोन रकान्यांत संहिता येतात, दिग्दर्शकांच्या भूमिका येतात, वाद येतात. उरलेल्या दोहोंत येते ते केवळ कौतुक. ‘दिवसभर गिरणीत राबून रात्री नाटके करीत’ हे एक वाक्य लिहिले की प्रकरण संपते. माझा आक्षेप ह्या वाक्यावर आहे. ते खोटे आहे म्हणून नव्हे. ते खरे असूनही समीक्षेला त्यापुढे पाऊल टाकू देत नाही म्हणून.

हिंदमाताच्या चौकात उभे राहून पाहावे. उत्तरेला दादर, दक्षिणेला परळ-लालबाग, पूर्वेला नायगाव. ह्या टापूत एकेकाळी गिरणी, चाळ आणि नाट्यगृह ही तिन्ही पायी अंतरावर होती. परळचे दामोदर नाट्यगृह 1922 सालचे. गिरणीत मात्र पाळ्या. एक नट दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला. सगळा संच एकाच वेळी तालमीला मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट. अशा माणसांना कोणता विनोद परवडेल? दोघा-तिघांच्या सवालजवाबावर उभा राहणारा, कथेचा धागा ठरलेला आणि शब्द मोकळे सोडलेला. बतावणी आणि वग ह्यांची ही सैल वीण गिरण्यांहून जुनी आहे, हे मान्य. पण ती शहरात येऊनही का टिकली, ह्याचे एक उत्तर भोंग्यात शोधावे लागेल. जिला आपण ‘ढिसाळ संहिता’ म्हणून बाजूला सारतो, ती वेळेच्या टंचाईतून घडलेली रचना आहे.

उदाहरणे दूरची नाहीत. गिरणीत आणि मिळेल तिथे मजुरी केलेल्या अण्णा भाऊ साठे ह्यांनी 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. ‘अकलेची गोष्ट’सारखी त्यांची लोकनाट्ये त्या धामधुमीतली. नायगाव-लालबागच्या चाळींत वाढलेले दादा कोंडके अपना बाजारात नोकरी करीत, सेवादलाच्या कलापथकात कामे करीत. 1965 साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले, तेव्हा संहितेच्या फटींत ताज्या घडामोडी भरण्याची त्यांची हातोटी आधीच तयार होती. ती नाट्यशाळेत कमावलेली नव्हती. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावच्या साहित्य संघात नोकरीला होते, प्रशांत दामले बेस्टमध्ये. ह्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे? आणि गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ (1980) तर गावकऱ्यांनी नाटक उभे करतानाच्या तारांबळीवरच रचलेले आहे. नाटक चालवण्याची ओढाताण तिथे पार्श्वभूमी राहत नाही, विनोदाचा विषय होते.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींविषयी. ‘कष्टातून कला फुलते’ असे ह्यावर कोणी म्हणेल. हेही तितकेच आळशी विधान आहे. कष्टातून थकवा येतो. कला फुलली ती थकलेल्या माणसाला दहा मिनिटांत तालमीला पोहोचता येत होते म्हणून, आणि मध्यरात्री तो घरी परतेपर्यंत कोणी तरी पाणी भरून, पोरे निजवून, भाकरी झाकून ठेवलेली होती म्हणून. त्या ‘कोणी तरी’चे नाव कोणत्याही पुस्तिकेत छापले गेले नाही. खानावळी चालवणाऱ्या बायांनी एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांची पोटे भरली. त्यांतल्या कितींना त्याच नाटकाला निवांत बसता आले असेल? नोकरी सांभाळून विनोद करणाऱ्या पुरुषाच्या जिद्दीचे पोवाडे गाताना ही उसनवारी आपण सोयीस्करपणे विसरतो. नोकरी, घर आणि प्रयोग अशा तिन्ही आघाड्या एकटीने लढवणाऱ्या स्त्रीला मात्र ‘घराकडे दुर्लक्ष’ हीच दाद मिळते.

म्हणूनच 2023 साली पुनर्विकासासाठी दामोदरचा पडदा पडला आणि रंगकर्मींनी विरोध केला, तेव्हा त्या विरोधाला ‘स्मरणरंजन’ म्हणणे मला अन्यायाचे वाटले. 1982च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मनोरे आले. कामगारांची मुले विरार, बदलापूर, पनवेलकडे सरकली. आज कचेरी सुटल्यावर एकांकिकेची तालीम करणारा किंवा ध्वनिक्षेपकासमोर एकटा उभा राहून लोकांना हसवणारा मुलगा शेवटच्या लोकलचे वेळापत्रक पाहून विनोद आवरता घेतो. त्याची हौस कमी झालेली नाही. अंतर वाढले आहे. परवडणारे, जवळचे नाट्यगृह जाते तेव्हा इमारतीबरोबर एका नाट्यप्रकाराचा वेळही जातो.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे. विनोदी नाटकाचा अभ्यास करताना कोटी, अतिशयोक्ती, विसंगती ही यादी जरूर करा. पण त्याआधी तीन प्रश्न विचारा : तालीम कुठे होत असे, किती वाजता होत असे आणि त्या वेळी घरी चूल कोण सांभाळत असे? ह्यांची उत्तरे द्यायचा प्रयत्नही न करता कोणाला ‘हौशी’ म्हणणे हीच खरी हौशी समीक्षा.