यादीत नाव नसलेले कैदी

तुमसर रोडहून निघणारी रेल्वे तिरोडीला जाते. मँगनीजच्या खाणीचं हे गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. या तिरोडीत एका चिनी सैनिकाची हयात गेली. वांग ची त्याचं नाव. पिठाच्या गिरणीत तो कामाला लागला, गावातल्याच मुलीशी लग्न केलं, मुलंबाळं झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत तो पहिल्यांदा आपल्या मूळ घरी, चीनला गेला. मधे ५४ वर्षं लोटली होती आणि आई वारून अकरा.

वांग ची चिनी सैन्यात सर्वेक्षक होता. १९६२ चं युद्ध थांबल्यानंतर, १९६३ च्या जानेवारीत, आपण वाट चुकलो असं तो सांगत आला. रेडक्रॉसची गाडी दिसली म्हणून तो मदतीच्या आशेने तिच्यात चढला आणि भारतीय सैन्याच्या ताब्यात आला. तो बेकायदा देशात शिरला, असं भारतीय यंत्रणेचं म्हणणं. सहा-सात वर्षं तुरुंगात गेली. १९६९ मध्ये कोर्टाने सोडलं, तेव्हा त्याला तिरोडीला आणून ठेवण्यात आलं. तुरुंग सुटला, पण मायदेशी जायला लागणारं एकही कागदपत्र त्याच्याकडे नव्हतं. २००२ मध्ये आईचा आवाज फोनवर ऐकायला मिळाला. २००६ मध्ये ती गेली. २००९ मध्ये पर्यटक म्हणून आलेल्या पुतण्याने कागदांची जुळवाजुळव सुरू केली, तेव्हा कुठे २०१३ मध्ये चिनी पासपोर्ट हाती पडला.

याच काळाची दुसरी बाजू पाहा. १९६२ मध्ये चीनने पकडलेले जवळजवळ चार हजार भारतीय जवान १९६३ चा मे संपेपर्यंत घरी पोचले होते. युद्धकैद्यांच्या याद्या होत्या, रेडक्रॉस मधे होती, विमानं ठरली होती. वांग ची त्या कोणत्याच यादीत बसत नव्हता. युद्धकैदी कधी सुटतो, हे शौर्यावर किंवा नशिबावर ठरतं असं आपण मानतो. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा एका कारकुनी गोष्टीवर ठरतं: पकडल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याचं नाव कोणी, कुठे, कोणत्या रकान्यात लिहिलं.

१९७१ च्या डिसेंबरातल्या भारत-पाकिस्तान युद्धातली दोन मराठी नावं हेच सांगतात. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आणि फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. दोघंही सुखोई-७ चे वैमानिक. तांब्यांचं विमान ५ डिसेंबरला पडलं, परुळकरांचं १० डिसेंबरला.

परुळकरांची कथा सिनेमात शोभावी अशी, आणि तिच्यावर सिनेमा निघालाही. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी मनाशी बेत केला, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा सहकाऱ्यांना सोबत घेतलं, खोलीच्या भिंतीला भोक पाडलं आणि १९७२ च्या ऑगस्टमधल्या एका पावसाळी रात्री तिघं बाहेर पडले. पेशावरमार्गे अफगाण सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर, लंडी कोतलला पोचले. तिथे त्यांनी लंडी खानाला जायची वाट विचारली. नकाशावर ते रेल्वे स्टेशन दिसत होतं, पण १९३२ मध्येच बंद पडलेलं. स्थानिक माणसाला संशय आला आणि तिघं तहसीलदाराच्या कचेरीत जमा झाले.

सरहद्दीच्या त्या मुलखात अनोळखी तरुणांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. परुळकरांनी एक फोन लावू द्यायची गळ घातली. फोन होता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी असलेले उस्मान हमीद यांना. हे उस्मान आधी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनी तिघांना ओळखलं आणि ती ओळख जिवावरच्या संकटात कामी आली. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघ्यावरून परतले, त्यांत हे तिघंही होते.

तांबे आले नाहीत. युद्धाच्याच दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये ‘टोंबे’ हे नाव छापलं होतं. सुटकेच्या यादीत मात्र ते नव्हतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. १९७१ चे बेपत्ता म्हणून ज्या ५४ जणांची नावं घेतली जातात, त्यांत तांबे आहेत. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत पाकिस्तानी तुरुंगांत असल्याचं मानल्या जाणाऱ्या सुमारे चाळीस जणांची नावं दिली. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाईक स्वतः तिकडचे तुरुंग पाहून आले. आमच्याकडे एकही युद्धकैदी नाही, हे पाकिस्तानचं अधिकृत उत्तर बदललं नाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात यावर सरळ तोडगा लिहिलेला आहे. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि जिनिव्हाच्या केंद्रीय कचेरीकडे कार्ड पाठवता आलं पाहिजे. लढाई थांबली की विलंब न लावता त्याला परत पाठवलं पाहिजे. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही या करारावर सह्या केल्या आहेत.

नाव यादीत असलं तरी घरी आल्यावर सगळं सुरळीत होतं, असंही नाही. चीनच्या कैदेतून मे १९६३ मध्ये परतलेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी ‘हिमालयन ब्लंडर’मध्ये विमानतळावरच्या थंड स्वागताबद्दल लिहिलं आहे. शत्रूने आपली मनं फिरवलेली नाहीत, हे त्यांना आपल्याच लोकांना पटवावं लागलं.

पुढे २०१६ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबरला नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. ती बातमी ऐकून त्यांना वाढवणारी आजी धक्क्याने गेली. २१ जानेवारी २०१७ ला ते परतले, तेव्हा गावाने फटाके वाजवले. त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने त्यांना सुमारे तीन महिन्यांची कैद सुनावली. तळ सोडून जाणं हा शिस्तीचा प्रश्न आहे आणि त्याची चौकशी करणं लष्कराला भागच आहे. पण त्या चौकशीला मुदत हवी. कैदेत काय सोसलं याची विचारपूस आणि गुन्ह्याची चौकशी ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे हवीत. घरच्यांना कोणत्या टप्प्यावर काय कळणार, हेही आधी ठरलेलं असावं. आज पहिल्या दिवशी हार पडतात आणि नंतर काय चाललंय हे कुटुंबाला वर्तमानपत्रातून कळतं.

कुटुंबाला माहिती देण्याचं हे काम जिल्ह्यातूनच सुरू होऊ शकतं. विदर्भातल्या यवतमाळचंच उदाहरण घ्या, तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक, त्यांच्या विधवा, मुलांच्या शिष्यवृत्त्या अशी कामं तिथे चालतात. बेपत्ता किंवा कैदेत असलेल्या जवानाची बायको मात्र ना विधवा, ना माजी सैनिकाची पत्नी. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मृत मानायची सोय कायद्यात आहे, म्हणजे त्या सोयीचा आधार घेताना नवरा गेल्याचं तिनेच मान्य करायचं. उद्या याच जिल्ह्यातल्या उमरखेड किंवा दारव्ह्याच्या एखाद्या घरावर ही वेळ आली, तर त्या घराने कोणाचं दार ठोठावायचं? यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. अशा प्रत्येक कुटुंबासाठी एक ठरलेला अधिकारी नेमावा आणि नवीन काही नसलं तरी त्याने दर महिन्याला लेखी उत्तर द्यावं, एवढं या कार्यालयाला आजही जमण्यासारखं आहे.

दिल्लीचं कामही ठरलेलं आहे. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. संबंध कितीही ताणले गेले तरी हा रिवाज टिकला आहे. बेपत्ता सैनिकांचा विषय भारत त्या वेळी काढतो, उत्तर ठरलेलं येतं आणि फाइल सहा महिन्यांसाठी मिटते. पुढच्या यादीनंतर विदर्भातल्या एखाद्या खासदाराने लोकसभेत विचारावं: त्या ५४ कुटुंबांपैकी कितींना गेल्या वर्षभरात सरकारकडून एक तरी पत्र गेलं?