वाऱ्याची दिवाळी आषाढात

आकाशकंदील टांगून झाला की त्याच्या झिरमिळ्यांकडे जरा पाहावे. ऑक्टोबर हीटमध्ये त्या बहुधा निपचित लोंबत असतात. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरची पवनचक्क्यांची पातीही या दिवसांत आळसावलेली असतात. वाऱ्याची दिवाळी आषाढ-श्रावणातच उरकलेली असते. त्याचा हिशेब मोठा कडक. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली ताकद निम्मी होत नाही, ती एक-अष्टमांशावर येते. आपण माळा लावतो नेमका तेव्हाच तो हात आखडता घेतो.

वीज कुठून येते, हे आपल्याकडे एके काळी डोळ्यांना दिसे. ठाकुर्लीचे चोळा पॉवर हाऊस कोळसा जाळी आणि त्यावर लोकल धावत. ते कधीच थंडावले. १९९९पासून चंद्रपूरच्या कोळशाची वीज सुमारे ७५० किलोमीटरच्या तारांवरून भिवंडीजवळ पडघ्याला उतरते. आता मध्य रेल्वेच्या हिशेबात ५६.४ मेगावॉट पवनऊर्जाही आहे. आठ-सतराची डोंबिवली फास्ट वाऱ्यावर धावते की कोळशावर, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. तारांत शिरल्यावर विजेला गोत्र उरत नाही.

तिची जुळवाजुळव करणारे राज्य भार प्रेषण केंद्र कळव्याच्या नावाने ओळखले जाते आणि ऐरोलीत बसते. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून वारा, ऊन, कोळसा आणि पाणी यांचा मेळ घालतात. वारा पडला, तर कोयनेचे पाणी मदतीला येते. गंमत अशी, की वनकुसवड्याच्या पायथ्याशी कोयनेचाच जलाशय आहे. जो नैऋत्य वारा वर पाती फिरवतो, तोच खाली धरण भरतो. पात्यांतला वारा त्या क्षणीच वापरावा लागतो. धरणातला दिवाळीपर्यंत पुरतो. म्हणून नुसत्या पवनचक्क्या वाढवून भागणार नाही. साठवणही तितक्याच जोमाने वाढायला हवी, आणि संध्याकाळी सात वाजता गिझर, एसी, इस्त्री एकदम लावणाऱ्या आपल्यालाही थोडे वाऱ्याच्या कलाने घ्यावे लागेल.

दिवाळी अंकाचे याहून वेगळे काय असते? लेख-कविता येतात भर पावसात. कार्यालयाच्या खिडक्या आपटत असतात तेव्हा. त्या निवडून, राखून आम्ही आज तुमच्या हाती देत आहोत.  डोंबिवलीच्या फडके रोडवर भेटूच.

शुभ दीपावली!

— संपादक